लग्नाच्या भिंतीवरची बाई

केसरबाईला कागद वाचता येत नव्हता, पण भिंत वाचता येत होती. रामाकोन्यात कुणाच्या घरी लग्नाची भिंत रंगली की बायका तिला हाताला धरून न्यायच्या. ती कमरेवर हात ठेवून एक नजर टाकायची आणि सांगायची, या घरची सून टिकंल, या घरचा पोट्टा बाहेर तोंड मारंल, या घरी सासूचं काही चालणार नाही. दहात नऊदा खरं निघायचं. दहाव्या वेळी ती म्हणायची, रंगवणाऱ्याचा हात चुकला. आपण चुकतो हे सत्तर वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमत एका नवऱ्याची होती, तर त्याला बोलायचाच कंटाळा.

यंदाच्या वैशाखात भिंत तिच्याच घरची होती. मोठा मुलगा भगवंतराव, त्याच्या दिपालीचं लग्न. घरात दिपालीचा भाऊ कुणाल, त्यांची आई दामिनी, आणि करुणा.

करुणा म्हणजे धाकट्या विनायकची बायको. विनायक सात वर्षांमागं विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून गेला. मूल नव्हतं. तिचा पांढुर्ण्याचा भाऊ राजू दर दिवाळीला यायचा, ओसरीत टोपी मांडीवर ठेवून बसायचा, आणि चहा संपता संपता म्हणायचा, "बाई, बहिणीचं काही पाहू द्या. आपल्यात पाट चालते. विधवेनं दुसरं घर केलं त कोणी नावं ठेवत नाही."

काहीजण आजी म्हणत, बाकी घरातले, बाहेरचे, सगळे केसरबाईला बाईच म्हणत.

"पाहू ना," बाई म्हणायची. "विनायकचं वर्ष होऊ दे." मग म्हणाली, "घराचं काम निघालं हाय, ते होऊ दे." मग, "दिपालीचं होऊ दे."

गेल्या दिवाळीला राजूनं टोपी घालता घालता सांगितलं होतं, "तेहतिसावं लागलं तिले. यंदा नाही त मंग कधीच नाही, बाई. पुढं कोण विचारते?"

"दिपालीचं होऊ दे," बाईनं तेच सांगितलं. करुणा आत भाकरी थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज एकदाही चुकला नाही.

तर भिंत. कुणालला भिंत नको होती. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथं फ्लेक्सची दुकानं गल्लोगल्ली झालेली. तो म्हणाला, "आजी, फ्लेक्स आणतो. ताईचा फोटो, जिजाजीचा फोटो, मागं ताजमहाल. दोन घंट्यांत काम."

"अन् हवेनं उडाला त?"

"दुसरा आणू."

"नवरदेव उडाला त बी दुसराच आणशीन काय?"

कुणालचा फ्लेक्स तिथंच राहिला आणि सौसरहून श्रावण पेंटर आला. शाळेच्या भिंती, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीतली नावं, सगळं त्याच्या हातचं. अडतीस वर्षांचा, आपल्यातलाच माणूस, पण घरी वावर-शेत नाही, बैल नाही. बाप दहा वर्षं लकव्यानं पडून होता, त्याचं उठवणं-बसवणं करण्यात श्रावणच्या लग्नाचं वय निघून गेलं. बाप गेल्यावर कुणाला आठवलंच नाही की याचं लग्न राहिलं आहे. त्यालाही नसावं.

बाईनं बाज अंगणात ओढून घेतली आणि त्याला समोर उभं केलं.

"पाय, वर पोपट काढायचा. पोपट म्हणजे ओढ. त्यानं फळाकडं पाहायचं, चोच नाही लावायची. चोच नवरदेवाच्या घरच्या भितीवर लागते, पोरीच्या घरी नाही."

"फळ आंब्याचं काढू?"

"काहून? संत्र्याच्या मुलखात पोपट आंब्यावर बसवून राह्यला. लोक काय म्हणतीन, याचा बगीचा वाळला काय?"

श्रावण हसला. दाराआड करुणा मांडवासाठी तांदूळ निवडत होती. तिच्या सुपाचा हात क्षणभर थांबला. तिलाही हसू आलं होतं.

"नाग कुठी घेऊ?"

"खाली. उंबरठ्यापाशी, वेटोळं घालून. तो नाग काय हाय हे आता तुले सांगा लागते काय, इतका घोडा झाला त? त्याच्याबिगर घर चालत नाही. पण त्यानं खालीच राहायचं. उंबरठा चढला की इज्जत गेली."

"अन् मधात?"

"मधात नवरी. विहिरीवरून पाणी घेऊन येऊन राह्यली. पाणी म्हणजे माया. घागर काठोकाठ पाहिजे, पण थेंब सांडला नाही पाहिजे."

"काठोकाठ असली त सांडीनच ना, आजी. चालताना हलते."

"मले शिकवून राह्यला काय? माझ्या घरची नाही सांडत."

ओढ, वासना आणि माया. ही तिन्ही कुठं बसतात, कुणी कुणाकडं पाहायचं, हे बाईला तिच्या सासूनं सांगितलं होतं, आणि बाईनं अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात श्रावणला सांगितलं. ज्याला भिंतीची ही बोली येत नव्हती त्याला ती शिकवली, आणि दाराआड बसलेल्या करुणालाही शिकवली. मग दोघं तिच्यात बोलू लागले तर दोष कुणाचा?

स्वतःच्या लग्नाच्या भिंतीबद्दल मात्र ती कधी बोलायची नाही. त्या भिंतीवर तिन्ही होती. घरात पोपट चार महिने टिकला, नाग वीस वर्षं, आणि पाण्याचं म्हणाल तर घागर कोरडीच आली नि कोरडीच राहिली. बाईनं तिचा बोभाटा केला नाही. तिनं दोन मुलगे वाढवले, संत्र्याची पाचशे झाडं उभी केली, आणि माया ही भिंतीवर काढायची गोष्ट आहे असं मनाशी पक्कं धरलं.

काम सुरू झालं. बाईनं करुणाला बजावलं, "चहा दे, पाणी दे. पण भितीले हात नको लावू. लग्नाची भीत हाय." करुणानं मान हलवली. ती चहा आणायची, कप खालच्या पायरीवर ठेवायची आणि चार हात लांब उभी राहायची. भिंतीपासून लांब.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई बाजेवर पडली होती. डोळा लागला नव्हता. करुणाचा आवाज आला, "घागर अशी नाही धरत."

"मंग कशी?"

"कमरेवर घेतली की खांदा असा खाली येते. ह्या बाजूचा. अन् मान तिकडं जाते."

"पुन्हा दाखवा."

ती उभी राहून दाखवत होती. बाईनं ऐकलं आणि कुशीवर वळली. विधवा माणूस रंगाऱ्याला घागर कशी धरायची ते सांगतं आहे, त्यात काय ऐकायचं? दिपाली तिथं असती तर बाई उठून बसली असती. विधवेला त्या घरात हात होते, पाय होते, तोंड होतं ते जेवायला. तिला काही वाटत असेल हे बाईच्या मनात येण्यासारखंच नव्हतं.

दिपालीवर मात्र तिची नजर घारीसारखी होती. दिपाली मोबाईल घेऊन भिंतीसमोर उभी राहायची, चित्राचे फोटो काढायची, मैत्रिणी सुप्रिया आणि पूनमला पाठवायची, श्रावणला म्हणायची, "दादा, पोपट क्यूट आला. माझे गाल थोडे बारीक करा ना." श्रावण म्हणायचा, "हाव." आणि गाल बारीक करायचा नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बाई काठी घेऊन भिंतीसमोर उभी राहिली आणि वाचू लागली.

पोपटाचं तोंड फिरलं होतं. समोर पिकलं संत्रं, आणि तो मान वळवून घराकडं बघत होता. नाग उंबरठा सोडून वर आला होता. त्यानं फणा काढला नव्हता, डंखाला निघाल्यासारखा तर मुळीच नव्हता. नवरीच्या पावलांपाशी डोकं टेकून पडला होता, दमून परत आलेल्या गड्यासारखा. आणि घागर हिंदकळली होती. पाणी सांडून नवरीच्या कमरेवरून, लुगड्यावरून, पायांपर्यंत आलं होतं, नि नाग त्या पाण्यात होता. नवरीचं कपाळ अजून कोरं होतं. कुंकू शेवटी देईल, असं बाईला वाटलं.

नागाचं तिला भय नव्हतं. तिनं असले नाग पाहिले होते, काठी आपटली की जातात. भय पाण्याचं होतं. असं पाणी काढणारा माणूस सहज जात नसतो. परवा हळद आणि हा माणूस माझ्या नातीवर जीव जडवून बसला, असं तिनं वाचलं. लग्नाच्या भिंतीवरची बाई म्हणजे नवरी. आजवर दुसरी कुणी असल्याचं तिनं पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी अंगणात पंधरा बायका होत्या. कुणी गहू पाखडत होत्या, कुणी मांडवाची पानं ओवता ओवता गप्पा मारत होत्या. श्रावण लाकडी घोडीवर चढलेला.

"श्रावण, खाली उतर."

तो उतरला. हाताला निळा रंग होता.

"पोपट तिकडं काहून पाहून राह्यला?"

"चुकला, आजी. फिरवतो."

"अन् नाग वर कसा आला?"

त्यानं कुंचला डब्यात ठेवला.

"अन् पाणी काहून सांडलं?"

"ते चुकलं नाही," तो म्हणाला.

सुपं थांबली. बाईनं आवाज चढवला नाही. तिचा राग चढला की आवाज खाली यायचा, आणि गावाला ते ठाऊक होतं.

"उद्या हळद लागते पोरीले. अन् तिच्या घरच्या भितीवर तू आपलं मन लिहून राह्यला? माझ्या घरचा चहा पिऊन?"

"आजी, तुम्ही समजून राह्यल्या तसं नाही हाय. दिपालीताईचं यात..."

"नाव नको घेऊ. माझ्या पोरीचं नाव पुन्हा तुझ्या तोंडी आलं त चपलीनं पुसीन."

श्रावणनं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दार अर्धं लोटलेलं होतं. एक नाव घेतलं असतं तर तो तिथल्या तिथं सुटला असता. पण ते नाव पंधरा बायकांच्या पदरात पडलं असतं, आणि दुपारपर्यंत रामाकोना ओलांडून गेलं असतं. त्यानं मान खाली घातली आणि हात लुंगीला पुसले.

एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलं. "पाय, कबूल हाय त्याले."

कुणालनं त्याचे डबे, कुंचले नेऊन रस्त्यावर ठेवले. बाई म्हणाली, "या गावात पुन्हा पाय दिसला नाही पाहिजे." तो सायकलला डबे बांधून गेला. मजुरी मागितली नाही, तेही बायकांनी त्याच्या पापातच धरलं.

दिपाली मोठ्यानं रडत होती. तिला वाटत होतं तिचीच चूक, फोटो काढले म्हणून. दामिनी तिला म्हणत होती, "गप, सासरी खबर जाईन."

आता भिंत. तशी ठेवता येईना, आणि पुसायची कुणी? लग्नाचं चित्र सवाष्णीनं पुसलं तर तिच्या कुंकवाला बाधतं. बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. बाईला पाहावं लागलं नाही.

"करुणा, चुना कालव. काढायले तुझा हात चालत नाही, पुसायले चालते."

करुणा चुन्याची बादली घेऊन आली. बायका पांगल्या, ज्याच्या त्याच्या कामाला लागल्या. बाई बाजेवर बसून बघत राहिली. करुणानं नागापासून सुरुवात केली. मग पाणी. मग पाय, लुगडं, कंबर. कुंचला बादलीत बुडवून ती वाकायची तेव्हा तिचा डावा खांदा खाली यायचा आणि मान उजवीकडं जायची. भिंतीवरच्या बाईचाही डावा खांदा खाली होता, मान उजवीकडं. दोघी समोरासमोर, एकाच उंचीच्या.

चेहरा राहिला तेव्हा करुणानं कुंचला खाली ठेवला. तिनं तळहातावर चुना घेतला आणि त्या कोऱ्या कपाळावरून, डोळ्यांवरून, ओठांवरून हळूहळू फिरवला. जसं आजारी माणसाचं तोंड पुसतात.

मग पाठमोरीच म्हणाली, "ती दिपाली नव्हती, बाई."

"काय म्हणते?"

"चुना कमी पडला. कालवून आणतो."

ती बादली घेऊन गेली. बाई बसल्या जागी राहिली. कोरं कपाळ. नवरीचं कपाळ कोण कोरं ठेवतं? गाल बारीक न करणारा हात. घराकडं पाहणारा पोपट. स्वयंपाकघर त्याच बाजूला होतं. तिनं सगळं बरोबर वाचलं होतं, ओढ, वासना, माया, तिन्ही. फक्त कुणाची ते वाचलं नाही.

लग्न झालं. पांढऱ्या भिंतीवर कुणालनं पांढुर्ण्याहून फ्लेक्स आणून ताणला. "दिपाली परिणय" आणि नवरदेवाचं नाव, मागं ताजमहाल. पाहुण्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. बाई मांडवात बसली, मानपान घेतले, आहेर केले, एका विहिणीला साडीच्या काठावरून दोन शब्दही सुनावले. कुणाला काही कळलं नाही. करुणा भातावर होती, दोन दिवस चुलीपासून हलली नाही.

दिपाली गेल्यावर बाराव्या दिवशी बाईनं धुवट लुगडं काढलं आणि कुणाला न सांगता सौसरची बस धरली. खिडकीशी बसून तिनं स्वतःला विचारलं, आधी कळलं असतं तर पाट लावून दिला असता का? आणि स्वतःशी ती कधी खोटं बोलली नव्हती म्हणून उत्तरही मिळालं. नसता दिला. बिनवावराचा रंगारी, आणि विनायकची बायको. हाकललंच असतं, फक्त वेगळे शब्द वापरून. पण ते तेव्हा. आता देतो, ती मनात म्हणाली. आता जाऊन त्याच्या दारात बसतो, पाहिजे त पदर पसरतो. आयुष्यात कुणापुढं पसरला नाही, एकदा पसरला तर पदर झिजत नाही.

घर विचारत विचारत गेली. श्रावण ओट्यावर बसून कुणाच्या तरी दुकानाची पाटी रंगवत होता. तिला पाहून उठला, रंगाचा हात मागं लपवला.

"बसा, आजी."

ती बसली. शब्द तोंडात आणून ठेवले होते, ते बाहेर काढणार तोच आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. हिरव्या बांगड्या, कोऱ्या साडीवरच्या घडीच्या रेघा अजून गेल्या नव्हत्या. तिनं तांब्या दिला, वाकून पायाला हात लावला.

"स्नेहा," श्रावण म्हणाला. "मोहगावची. मागच्या गुरुवारी पाट लागला."

बाईच्या हातात तांब्या तसाच राहिला.

"गावोगाव झालं ना, आजी," तो हळू बोलला. आवाजात चीड नव्हती, तेच वाईट होतं. "पेंटरनं नवरीवर डोळा ठेवला म्हणून. कोणाच्या घरची भीत मिळेना. चिंधू पाटलाच्या घरी सांगून ठेवलेलं काम होतं, त्यानं बी दुसरा बोलावला. बहीण म्हणे, घरात बायको आली की लोकाइचं तोंड बंद होते. तिनंच पाहिलं. आठ दिवसात झालं."

स्नेहा दाराशी उभी राहून विचारत होती, "कोणतं गाव, आजी? भीत रंगवाची हाय काय?"

तिला काही ठाऊक नव्हतं. गरीब, भोळी, पहिल्या घरी मार खाल्लेली दिसत होती. कानाच्या पाळीला जुना टाका होता. बाईनं तिच्याकडं पाहिलं, तांब्यातलं पाणी प्यायली, सगळं प्यायली, थेंबही ठेवला नाही.

"नाही माय," ती म्हणाली. "बजारात आली होती. तहान लागली."

श्रावण फाटकापर्यंत आला. काही विचारावं असं त्याच्या तोंडावर आलं, पण दाराशी स्नेहा होती, आणि तो तसा माणूस नव्हता. "सांभाळून जा, आजी," एवढंच म्हणाला.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. करुणा चुलीपाशी वांग्याची भाजी परतत होती. कुठं गेली होती म्हणून तिनं विचारलं नाही. तिला कळलं असावं. तिला सगळंच कळायचं, तिच्याबद्दलच कुणाला कळायचं नाही.

बाई पाटावर बसली. "सौसरले गेली होती."

करुणाचं उलथनं फिरत राहिलं.

"त्याचा पाट लागला."

"कोणाशी?"

"मोहगावची हाय. चांगली हाय बिचारी."

"मंग बरं झालं," करुणा म्हणाली. भाजीत मीठ घातलं. थोड्या वेळानं पुन्हा घातलं. सात वर्षांत पहिल्यांदा सुनेचं चुकलेलं पाहून बाई बोलली नाही.

जेवताना बाईनं ती खारट भाजी मुकाट खाल्ली. हात धुऊन आली आणि बाजेवर टेकली. करुणा भांडी आवरून पायाशी येऊन बसली, तेलाची वाटी घेऊन.

"उद्या राजूले सांगावा धाडतो," बाई म्हणाली. "तो म्हणीन तिथं, तू म्हणशीन तिथं, पाट लावून देतो. मी सोता उभी राहून लावतो."

करुणानं तेल हातावर घेतलं. बाईची टाच तळहातात धरली आणि अंगठ्यानं भेगांमधून दाबू लागली.

"राजूभाऊले आता काहून तरास?" ती म्हणाली. "अन् मी गेली त तुमचे पाय कोण चेपीन?"

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर बाईनं उलटा दिला असता, तिच्याकडं त्याची कमी नव्हती. करुणा खरंच तसं म्हणत होती. आता दुसरं काही मागायचं तिच्या मनातच उरलं नव्हतं. बाईनं पाय ओढून घेतला. करुणानं तो पुन्हा मांडीवर घेतला, आणि तेल लावत राहिली.